मोराचा तिसरा तुरा

नरडाण्याच्या एमआयडीसीत अगदी शेवटच्या गल्लीत पत्र्याचं एक शेड आहे. तिथं लोटन झुलाल पाटील कॅमेऱ्याचे क्लॅम्प बनवतो. क्लॅम्प म्हणजे मांडवाच्या बांबूला, गच्चीच्या कठड्याला, नाहीतर बँडच्या गाडीला कॅमेरा गच्च धरून ठेवणारा चिमटा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. लोटनचा हात एक नंबर, त्यात वादच नाही. लेथवर उभा राहिला की सुतभराचा फरक नुसत्या डोळ्यांनी सांगेल. पण देवानं एका बाबतीत त्याला देताना हात आखडता घेतला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याच्या पोटात मावत नाही. आणि दुसरा म्हणजे सगळं जग नव्हे हं. गल्लीतल्या शेजाऱ्यानं तीन मजले चढवले तरी लोटन पेढा खाऊन येईल. त्याच्या पोटात दुखायचं ते एकाच माणसासाठी, आणि तो म्हणजे बोदवडचा हितेंद्र.

वीस वर्षांपूर्वी दोघं जळगावला एकाच वर्कशॉपमध्ये कामाला होते. खोली एक, स्टोव्ह एक, सायकलही एकच. लोटन दोन वर्षांनी मोठा, म्हणून हितेंद्र त्याला लोटनभाऊ म्हणायचा. हितेंद्रचे वडील जीवराम कापूसवाले शेतकरी, आणि आई इंदिराबाई म्हणजे मोठ्या मनाची बाई. दर रविवारी बोदवडहून डबा यायचा, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, त्यात लोटनचा वाटा वेगळा बांधलेला असायचा. सुटीत लोटन बोदवडला जायचा, तर इंदिराबाई त्याला पाटावर बसवून वाढायच्या.

एकदा असाच गेला असताना त्यानं पाहिलं, इंदिराबाईंचा अडकित्ता खिळखिळा झालाय. जुना पितळी अडकित्ता, वर मोराची मान, डोक्यावर दोन तुरे. खिळा झिजून गेलेला. लोटननं तो जळगावला आणला, पितळेचा नवा खिळा ओतून, घासून बसवला आणि पुढच्या रविवारी परत दिला. इंदिराबाईंनी एक सुपारी कातरली, पात्याकडे पाहिलं आणि अडकित्ता त्याच्याच हातात ठेवला. "ज्यानं नीट केला त्याचाच हा आता. तुझं लग्न झालं की बायकोला दे." हितेंद्र शेजारी बसून हसत होता. लोटनला मात्र त्या दिवशी जो आनंद झाला तो काही और होता. पोटच्या पोराला नाही दिला, मला दिला. ही गोष्ट त्यानं पुढं बायकोला, लताबाईला, इतक्या वेळा सांगितली की ती बिचारी पाठ म्हणून दाखवायची.

मग वर्कशॉप बंद पडलं. लोटन नरडाण्याला आला, हितेंद्र जळगावातच राहिला. दोघांनीही कॅमेऱ्याचं सामानच धरलं, कारण ते काम त्यांना येत होतं. इथून पुढं लोटनचं बिनसलं. हितेंद्रला बोलता येत होतं. दुकानात शिरला की चहा यायच्या आधी ऑर्डर घ्यायचा. लोटन दुकानात शिरायचा, माल काढून काउंटरवर ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा, जसं काही माल स्वतःच बोलणार आहे. आता सांगा, लोखंड बोलतं का कधी? हितेंद्रचा माल सुरतेला जाऊ लागला, इंदूरला जाऊ लागला. लोटनचा शिरपूरच्या पुढं सरकेना.

"त्याला काय येतं हो," लोटन जेवताना म्हणायचा. "स्क्रूचा साधा आटा पाडायला मी शिकवलं त्याला. तोंडाची वाफ विकतो तो."

"मंग तुम्ही बी विका ना वाफ," लताबाई म्हणायची. "त्यानी काय बिघाडं तुमनं?"

काय बिघडवलं होतं, हे लोटनला सांगता यायचं नाही. हितेंद्रनं त्याला कधी फसवलं नव्हतं, कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. दिवाळीला फोन करायचा. लोटन तो फोन वाजू द्यायचा, वाजून थांबला की लताबाईला म्हणायचा, बघ, मोठेपणा दाखवतोय.

चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रात लोटनच्या डोक्यात एक नवा क्लॅम्प आला. मांडवाचे बांबू कधी सरळ नसतात, एक जाड तर दुसरा बारीक. साधा क्लॅम्प बारीक बांबूवर फिरतो आणि ऐन मंगलाष्टकाला कॅमेरा खाली तोंड करतो. समोर लताबाई सुपारी कातरत बसली होती. जाड सुपारी असो की बारीक, अडकित्ता ती बरोब्बर धरत होता. लोटननं तो तिच्या हातातून काढूनच घेतला. आठ दिवस शेडमध्ये बसून त्यानं त्या धाटणीचा जबडा काढला, वर तशीच मोराची मान काढली, तिच्यावर तसेच दोन तुरे. दिसायला असा देखणा की कॅमेऱ्यापेक्षा माणसानं क्लॅम्पकडेच पाहत राहावं.

त्याच आठवड्यात हितेंद्रनं फेसबुकवर नव्या शेडचा फोटो टाकला. बारा कामगार, पुढं नारळ, शेजारी बायको, डिंपल वहिनी, नव्या साडीत. लोटननं तो फोटो मोठा करून करून पाहिला. कामगार मोजले. पुन्हा मोजले. बाराच होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मशीन बंद ठेवायचं, हत्यारं धुवून पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू. आणि नवा नग असेल तर तो आधी देवीपुढं, मग गिऱ्हाइकापुढं, हा लोटनच्या शेडचा नेम. त्यानं पाटावर मधोमध नवा क्लॅम्प ठेवला. त्याच्याशेजारी अडकित्ताही ठेवला, कारण खरा गुरू तोच. फोटो काढला आणि खानदेशातल्या फोटोग्राफर मंडळींच्या फेसबुक ग्रुपवर टाकून दिला. हजारो माणसं त्या ग्रुपवर, आणि हितेंद्र त्याचा एक ॲडमिन. फोटोखाली लिहिलं, "आमच्याकडे नवीन नग. जळणारे जळोत."

जळणारे अनेकवचनी लिहिलं, पण त्याला एकच जळायला हवा होता.

दिवस मावळेपर्यंत तो फोन बघत बसला. ऐंशी जणांनी वा वा केलं. हितेंद्रचं नाव काही येईना. जेवायच्या वेळेला लोटननं ठरवलं, की जळला, म्हणून गप्प आहे. या आनंदात त्यानं हितेंद्रला ब्लॉकच करून टाकलं. आता त्याचे नारळ नको, शेड नको, काही दिसायलाच नको. फेसबुकवर केलं, फोनवरही केलं. त्या दिवशी त्याला शांत झोप लागली.

मग पाच महिन्यांनी तो धुळ्याला प्रेमराज वकिलांकडे गेला. कुणीतरी सांगितलं होतं की वस्तूच्या आकाराची सरकारदरबारी नोंद होते, मग तो आकार दुसऱ्याला करता येत नाही. वकील शांत माणूस. त्यांनी क्लॅम्प हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"आकार तुमचा स्वतःचा?"

"माझ्या हातचा, साहेब."

"हा कुठं विकलाय का आधी? कुठं दाखवलाय? प्रदर्शनात, जाहिरातीत?"

"छे. फक्त देवीपुढं ठेवला होता," लोटन म्हणाला. आणि हे तो खोटं बोलला नाही बरं का. पूजा म्हणजे पूजा. तिला कुणी जाहिरात म्हणतं का? फोटोचं त्याच्या मनातही आलं नाही. वकिलांनी हसून अर्ज भरला. यथावकाश कोलकात्याहून नोंदणीचा कागद आला. लोटननं तो फ्रेम करून लेथच्या वर टांगला. तेलाचे शिंतोडे उडतात म्हणून वर काच, काचेवर रोज फडकं.

वर्षभरानं एरंडोलला भाच्याचं लग्न होतं. मांडवात शूटिंगवाला बांबूवर कॅमेरा चढवत होता. लोटननं सवयीनं वर पाहिलं आणि हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. त्याचाच क्लॅम्प. तोच जबडा, तीच मान. फक्त डोक्यावर तुरे तीन.

"कुणाचा आहे रे हा?"

"पिकॉक क्लॅम्प आहे, काका. जळगावचा. हितेंद्रभाऊंचा. सगळे हाच वापरतात आता."

सगळे हाच वापरतात. लोटन न जेवता उठला. भाच्याच्या डोक्यावर अक्षताही धड पडल्या नाहीत. परतीच्या एसटीत लताबाईनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "चोरी शे, बठ्ठी चोरी शे." सगळी चोरी आहे म्हणे. घरी आल्यावर त्यानं धुळ्याच्या दुकानातून एक पिकॉक मागवला आणि आपल्या क्लॅम्पशेजारी ठेवला. त्याचं ओतकाम चकचकीत. मऊ रबर. पेटीवर मोराचं रंगीत चित्र. आणि तो तिसरा तुरा. खरं सांगायचं तर तिसऱ्या तुऱ्यानं मोर जास्त देखणा दिसत होता, आणि हेच लोटनला सगळ्यात जास्त झोंबलं.

"चोरी लपवायला जोडला त्यानं," तो वकिलांना म्हणाला. "दोनाचे तीन केले की झालं, म्हणे माझा वेगळा. हे नोटिशीत लिहा साहेब. तिसऱ्या तुऱ्यावर जोर द्या."

"नुकसानभरपाई किती मागायची?"

"ती तुम्ही ठरवा. मला त्याच्याकडून लिहून पाहिजे की आधी मी केला. त्याच्या सहीनं."

पण नोटीस धाडायच्या आधीच निरोप आला, की इंदिराबाई गेल्या. लताबाईनं शर्ट काढून दिला, पिशवी भरून दिली. लोटन नरडाणा स्टेशनवर गेला, बोदवडला जायला भुसावळपर्यंतचं तिकीट काढलं आणि बाकावर बसला. बसल्या बसल्या डोक्यात किडा शिरला. मी गेलो की तो दारात येणार, गळ्यात पडणार, चार माणसांत मोठेपणा घेणार. लोकांना वाटेल, आला लोटन हितेंद्रच्या दारी. मग माझ्या नोटिशीला काय किंमत? गाडी आली आणि गेली. लोटन तिकीट खिशात घेऊन घरी परत आला.

"आईना मयतले बी नही गयात?" लताबाई एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी नोटीस गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

उत्तर यायला दोन महिने लागले. हे दोन महिने लोटननं कसे काढले ते विचारू नका. कधी वाटायचं, हितेंद्र घाबरला. कधी वाटायचं, मुंबईचा बडा वकील केला असेल. एक भीती मात्र तो लताबाईलाही सांगत नव्हता. हितेंद्र अडकित्त्याचं बोलेल. म्हणेल, आकार तुझा कुठला रे, माझ्या आईचा. अर्जात 'माझ्या हातचा' असं लिहून दिलेलं होतं, आणि ते पुरतं खरं नाही हे लोटनला ठाऊक होतं.

वकिलांचा फोन आला, लगेच या. लोटन धुळ्याला पोचला तेव्हा प्रेमराज वकील कागद पुढ्यात घेऊन बसले होते आणि चष्मा कपाळावर होता.

"आधी चांगलं सांगतो," ते म्हणाले. "दुसरा परिच्छेद. ऐका. 'सदर आकाराचा क्लॅम्प प्रथम आपल्या अशिलाने, म्हणजे श्री. लोटन पाटील यांनीच बनवला, हे आमच्या अशिलास पूर्णपणे मान्य आहे.' खाली सही हितेंद्रची."

लोटननं पुन्हा वाचायला लावलं. चार वर्षं हेच तर हवं होतं.

"आता तिसरा परिच्छेद. 'परंतु सदर आकार श्री. पाटील यांनी नोंदणीच्या पाच महिने आधी स्वतःच जाहीरपणे प्रसिद्ध केला होता. पुरावा सोबत जोडला आहे. सबब ही नोंदणी रद्द होण्यास पात्र आहे.' लोटनभाऊ, हा फोटो तुम्ही टाकलात?"

झेंडूची माळ. हळदकुंकू. पाटावर क्लॅम्प, बाजूला अडकित्ता. खाली छापलेलं, "जळणारे जळोत."

"साहेब, ती पूजा होती."

"पूजेला हरकत नाही. पण नोंदणीच्या आधी जगाला दाखवलेला आकार नवा राहत नाही. दुसऱ्यानं दाखवला काय आणि तुम्ही स्वतः दाखवला काय, कायद्याला सारखंच. मी विचारलं होतं तुम्हाला." वकील चिडले नव्हते, पण दमले होते. "हात दाखवून अवलक्षण झालं हे. तरी एक वाट आहे. समोरचा माणूस नरम दिसतोय, बोलणी करून तडजोड काढू. तोवर एक करा, त्याच्याशी काही बोलू नका, काही लिहू नका. एक शब्द गेला तरी आपल्यावर उलटेल."

लोटनचं लक्ष नव्हतं. जोडलेल्या कागदावर फोटोखाली बरंच बारीक काहीतरी छापलं होतं.

"हे काय आहे?"

"त्या फोटोखालच्या प्रतिक्रिया. तारखा सिद्ध करायला जोडल्यात. हितेंद्रच्याच आहेत तीन. तुम्ही पाहिल्या नव्हत्या?"

पाहणार कुठून? ब्लॉक करून निवांत झोपला होता तो. हितेंद्र ग्रुपचा ॲडमिन, त्याला पोस्ट दिसत राहिली, त्याचं लिहिणं तेवढं लोटनला दिसेना. वकिलांनी वाचून दाखवल्या.

पहिली, दसऱ्याच्या दिवशीची. "लोटनभाऊ, एक नंबर काम. काल शेतात होतो, आज बघितलं. हा आपल्या आईचा अडकित्ता ना? आईला दाखवला, तिनं लगेच ओळखला. म्हणते, मोराला तिसरा तुरा कुठंय. तो मीच तोडला होता लहानपणी, बदाम फोडायला गेलो होतो त्याच्यानं. लई मार खाल्ला होता. एक नग आईला पाहिजे, फडताळात ठेवीन म्हणते."

दुसरी, महिन्यानं. "भाऊ, फोन लागत नाही तुझा. नग पाठवतो ना? आई रोज विचारते."

तिसरी, संक्रांतीची. "तुला वेळ नसेल तर आईसाठी एक मीच करतो, तिला आठवतो तसा, तीन तुऱ्यांचा. चालेल ना?"

वकिलांनी कागद खाली ठेवला. बाहेर कोर्टाच्या आवारात टायपिस्ट खटखट करत होते. लोटननं त्या एका पानाची झेरॉक्स मागितली आणि घडी करून खिशात घातली.

घरी आला तेव्हा लताबाई ओट्यावर सुपारी कातरत होती. त्यानं अडकित्ता मागितला. मोराच्या डोक्यावर दोन तुऱ्यांच्या मागं एक गुळगुळीत जागा होती. इतकी वर्षं तो तिला ओतकामातली खोट समजत होता. आज त्यानं अंगठा फिरवला तर खाली मोडलेल्या पितळेची कड लागली. लेथवर सुतभर फरक ओळखणारा माणूस, वीस वर्षं घरातली वस्तू, आणि ही कड त्याला दिसली नव्हती.

त्यानं पान लताबाईच्या हातात दिलं. ती अक्षर लावत लावत वाचत गेली. वाचून झाल्यावर डोळ्याला पदर लावला.

"आते काय करशात?"

"वकील म्हणतात, एक शब्द लिहू नका."

ती अडकित्ता घेऊन पुन्हा सुपारी कातरायला लागली.

लोटननं फोन काढला आणि हितेंद्रचं नाव ब्लॉकमधून काढलं. काढल्याबरोबर पहिल्यांदा दिसला तो नवा फोटो. गाडीला मोराचं चित्र, आणि हितेंद्र दाराला टेकून उभा. पोटात तीच जुनी कळ आली. अरे, मेली आई तरी गाडी घेतली यानं, असंही मनात आलं, आणि त्या मनाची त्यालाच लाज वाटली. हा रोग काही एका झेरॉक्सनं जाणार नव्हता.

तरी तो खाली खाली सरकत चार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीपर्यंत गेला. ऐंशी जणांच्या वा वामध्ये आता त्या तीन प्रतिक्रिया दिसत होत्या. तिसरीच्या शेवटी तसंच उभं होतं, चालेल ना? त्यानं खाली बोट ठेवलं. आईचं काहीतरी लिहावं म्हणून दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा पुसलं. शेवटी एकच शब्द लिहिला, "चालेल," आणि पाठवून दिला.